मय्यत घरातून निघण्याआधी

नवरा खुनी ठरला, त्याला जन्मठेप झाली, तरी गावातले बोलणे थांबत नाही. यावलमध्ये हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. "हे एकट्याचे काम नव्हे," लोक म्हणतात. "रात्री गाडी कोणी आणली? दवाखान्यात कोण बोलले? मय्यत इतक्या घाईने का उचलली?" प्रश्न बहुतेक वेळा बरोबर असतात. पण ते विचारले जातात चहाच्या टपरीवर, भुसावळच्या एस.टी.त, ओट्यावर बसून गहू निवडताना, आणि तेही निकाल लागून गेल्यावर. ज्या दिवशी ते पोलिसांसमोर विचारायला हवे होते, त्या दिवशी हीच माणसे "आपण कशाला मध्ये पडायचे" म्हणून घरात गेलेली असतात.

या वेळच्या संपादकीयात मला या संशयाबद्दल बोलायचे आहे. बाईचा खून झाल्यावर तो झाकायला मदत कोण करते, त्या मदतीला कायदा काय म्हणतो, आणि आपल्या मोहल्ल्यात ही मदत कोणत्या नावाने चालते, हे तरुण वाचकांनी नीट समजून घ्यायला हवे. कारण पुढच्या वेळी त्या दारात तुम्हीच उभे असाल.

आधी महाराष्ट्राने अलीकडे पाहिलेले एक प्रकरण घेऊ. सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता झाल्या. नऊ वर्षांनी, एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने पोलीस अधिकारी अभय कुरुंदकर याला त्यांच्या खुनासाठी जन्मठेप दिली. तो त्यांचा नवरा नव्हता, पण दोघांचे जवळचे संबंध होते आणि खून त्याच्याच फ्लॅटवर झाला. प्रेताचे तुकडे करून ते खाडीत टाकले गेले. मृतदेह आजही सापडलेला नाही. पुरावा नष्ट करायला मदत केली म्हणून कुरुंदकरचा चालक आणि एक मित्र यांना प्रत्येकी सात वर्षांची शिक्षा झाली. ती त्यांनी खटला चालू असतानाच तुरुंगात भोगून संपवली होती.

म्हणजे "एकट्याचे काम नव्हे" हा लोकांचा संशय या प्रकरणात खरा निघाला. पण तो तिथेच संपत नाही. अश्विनी यांच्या भावाने २०१६ च्या जुलैतच पोलिसांकडे तक्रार केली होती. कुरुंदकरला अटक झाली डिसेंबर २०१७ मध्ये. मधल्या काळात, जानेवारी २०१७ मध्ये, त्याच कुरुंदकरला राष्ट्रपती पदक मिळाले. एक बाई बेपत्ता आहे, ती स्वतः पोलीस आहे, घरचे लोक एका अधिकाऱ्याचे नाव घेऊन दारोदार फिरत आहेत, आणि त्या अधिकाऱ्याच्या छातीवर पदक लागते. लोकांना संशय येणार नाही तर काय होईल? मृतदेहाची विल्हेवाट लावायला कोणी हात लावला, त्याची शिक्षा झाली. तपासाचे सुरुवातीचे दीड वर्ष ज्यांच्यामुळे वाया गेले, त्यांच्यापैकी कोणी या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले नाही. त्या दीड वर्षात खाडीचे पाणी किती वेळा चढले आणि उतरले, याचा हिशेब मात्र अश्विनी यांच्या घरच्यांना चुकता करावा लागला.

या खटल्यातला एक आरोपी आपल्या जळगाव जिल्ह्यातला होता. एका मोठ्या राजकीय पुढाऱ्याचा नातेवाईक म्हणून त्याचे नाव इकडे खूप चघळले गेले. न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. म्हणून मी इथे त्याचे नाव लिहीत नाही. संशयाची ही दुसरी बाजू आहे. तिच्याकडे पुढे येते.

दुसरे प्रकरण जुने आहे आणि त्यात कोणी मोठा माणूस नाही. नांदेड जिल्ह्यातल्या भोकर तालुक्यात किनी नावाचे गाव आहे. तिथे सासरी नांदणाऱ्या रेवताच्या माहेरी ४ नोव्हेंबर १९९६ ला निरोप गेला की ती साप चावून मेली. शवविच्छेदनात निघाले की तिचा गळा दाबला होता. नवऱ्याला शिक्षा झाली, आणि ११ ऑक्टोबर २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. 'त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने हा निकाल आज देशभरातल्या न्यायालयांत दाखवला जातो.

या निकालात दोन गोष्टी आहेत. एक कायद्याची. बंद घरात, नवरा-बायको राहत असताना बायकोचा खून झाला, तर काय घडले हे सांगण्याची जबाबदारी त्या घरातल्या माणसावर येते. आधी सरकार पक्षाने आपली बाजू मांडायचीच आहे, त्यातून कोणाची सुटका नाही. पण नवरा गप्प बसला किंवा त्याने खोटे कारण सांगितले, तर ते खोटे बोलणे त्याच्याविरुद्धच्या साखळीतली आणखी एक कडी होते. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम १०६ मध्ये होते, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १०९ मध्ये आहे. किनीच्या खटल्यात सापाची गोष्टच नवऱ्याच्या गळ्यात आली.

दुसरी गोष्ट तुमच्या-माझ्याबद्दल आहे. न्यायालयाने तिथे स्पष्ट लिहिले की घरातला कोणी माणूस घरच्याच माणसाविरुद्ध साक्ष द्यायला येत नाही. शेजाऱ्यांना बरेच काही ठाऊक असते, पण शेजाऱ्याशी वैर नको म्हणून तेही दूर राहतात. आणि मुलीचे माहेरचे लोक त्या रात्री तिथे नसतातच. म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा खुनाला सर्वांत मोठा आडोसा मिळतो तो आजूबाजूच्या लोकांच्या गप्प बसण्याचा.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ६,४५० हुंडाबळी नोंदले गेले. हे फक्त नोंदलेले. किनीच्या निरोपासारखे जे निरोप माहेरी पोचले आणि ज्यावर कोणी प्रश्न केला नाही, ते यात नाहीत. साप, स्टोव्ह, विहीर, चक्कर येऊन पडली, झोपेतच गेली. कारणांची ही यादी आपल्या प्रत्येकाला पाठ आहे.

मदतीचे प्रकार आता पाहू. पहिली मदत हाताची. रक्त पुसणे, कपडे जाळणे, मोबाईल फोडून टाकणे, प्रेत हलवणे. भारतीय न्याय संहितेचे कलम २३८, जुने कलम २०१, यासाठी आहे. खून झाकण्यासाठी पुरावा नाहीसा केला तर सात वर्षांपर्यंत शिक्षा होते. यात भाऊ, बाप, आई असा अपवाद नाही. "आईचे काळीज आहे, तिने पोराला वाचवले तर काय चुकले," असे म्हणणाऱ्यांनी हे कलम वाचावे. मेलेल्या मुलीलाही आई असते.

दुसरी मदत तोंडाची. पोलिसांना खोटी हकीकत सांगणे, दवाखान्यात "पाय घसरून पडली" म्हणून नोंद करायला लावणे, माहेरी सापाचा निरोप धाडणे. घडलेल्या गुन्ह्याबद्दल जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा कलम २४० प्रमाणे गुन्हा आहे. गुन्हेगाराला वाचवण्यासाठी ती दिली असेल, तर वरचे कलम २३८ सुद्धा लागते.

तिसरी मदत गप्प राहण्याची. तिच्याबद्दल आपल्याकडे गैरसमज आहे की गप्प राहणे हा गुन्हा होऊच शकत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३३ सांगते की खुनासारख्या गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येक माणसाने ती पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला दिली पाहिजे. योग्य कारण नसताना ती दिली नाही, तर न्याय संहितेच्या कलम २३९ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. या कलमाखाली कोणाला शिक्षा झाल्याचे आपण सहसा ऐकत नाही, हे खरे. म्हणूनच ही मदत सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त होते.

आता आपल्या मोहल्ल्यात येऊ.

आपल्याकडे मय्यत लवकर दफन करण्याची रीत आहे. चांगली रीत आहे. गरीब-श्रीमंत सगळ्यांना एकच पांढरे कापड आणि तीच माती, यात माझ्या मते मोठी समता आहे. पण मी बाईच्या मय्यतीला बायकांच्या बाजूला बसते, आणि तिथून मला दिसते की घाई दोन प्रकारची असते. एका घाईत लोक रडत असतात, लांबच्या गाडीने येणाऱ्या भावाची वाट पाहत असतात. दुसऱ्या घाईत भावाला फोनच उशिरा गेलेला असतो. त्याला सांगितले जाते, "तू सरळ कब्रस्तानात ये, चेहरा तिथेच पाहा." रीत तीच, पण तिच्याआड वेगळेच काही चाललेले असते. पंचविशीतली धडधाकट बाई रात्री मरते आणि सकाळच्या आत मातीत जाते, तेव्हा "शरियतप्रमाणे उशीर नको" हे वाक्य नवऱ्याच्या फार उपयोगाला येते.

आणि एक जागा अशी आहे जिथे पोलीस नसतात, डॉक्टर नसतो, मौलाना नसतात. गुस्लची जागा. बाईच्या मय्यतीला बायकाच आंघोळ घालतात. गळ्यावरचे वळ, मनगटावरचे निळे डाग, पाठीवरच्या जुन्या जखमा जर कोणी पाहत असेल, तर त्या दोन-तीन बायका. आमच्या भागात अनेक वर्षे गुस्ल देणाऱ्या एका म्हाताऱ्या खालांना मी एकदा याबद्दल विचारले. त्या म्हणाल्या, "बेटी, मय्यत का देखा हुआ बोलते नहीं." मी विचारले, कोणी मारले असेल तर? त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हमको पूछा किसने?"

या दोन वाक्यांवर मी खूप विचार केला आहे. मय्यतीचा ऐब झाकावा, ही शिकवण गुस्ल देणाऱ्याला दिली जाते. तिचा हेतू मेलेल्या माणसाची इज्जत राखण्याचा आहे. शरीरावरचे व्यंग, आजाराच्या खुणा, बाहेर जाऊन सांगू नयेत. पण गळ्यावर दुसऱ्याच्या बोटांची खूण हा मेलेल्या बाईचा ऐब कसा? तो मारणाऱ्याचा ऐब आहे. तो झाकला तर इज्जत खुन्याची राखली जाते, तिची नाही. कुरआनात सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत इन्साफसाठी साक्ष द्यायला सांगितले आहे, आणि ती स्वतःच्या, आई-वडिलांच्या किंवा नातेवाइकांच्या विरुद्ध जात असली तरी. सूरह बकराच्या २८३ व्या आयतीत साक्ष लपवण्यास मनाई आहे. मी आलिमा नाही आणि फतवा देत नाही. पण मय्यतीच्या घरात जे लोक दीनच्या नावाने गप्प बसायला सांगतात, त्यांनी या दोन जागा उघडून पाहाव्यात, इतके सांगण्याचा मला हक्क आहे.

खालांचे दुसरे वाक्य आपल्या सगळ्यांना लागू पडते. त्यांना कोणी विचारलेच नाही. पोलीस येतात तेव्हा 'अकस्मात मृत्यू' म्हणून नोंद होते, पंचनामा होतो, ओळखीचे दोन पंच सही करतात. गुस्ल देणाऱ्या बाईचा जबाब घ्यावा, हे कोणाला सुचत नाही. आणि शंका असेल तर गुस्लपर्यंत पोचायच्या आधीच शवविच्छेदन व्हायला हवे, हे तर कोणी बोलतच नाही.

याच्या मागे आणखी एक भीती आहे आणि तिच्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. आरोपी मुसलमान असला की काही वाहिन्या गुन्हा सोडून धर्मावर चर्चासत्र भरवतात. मग मोहल्ल्यातली शहाणी माणसे म्हणतात, "आधीच आपण कमी बदनाम आहोत का? घरातले घरात मिटवा." मेहर परत देतो, दागिने परत देतो, पोरे नानीकडे ठेवू, झाले गेले विसरा. ही भीती खोटी नाही. आपल्या पिढीने ती रोज अंगावर घेतली आहे. पण तिचा उपयोग कोणाला होतो ते पाहा. मोहल्ल्याची बदनामी वाचवण्याच्या नावाने वाचतो एक माणूस, ज्याने बायकोचा गळा दाबला. आणि जी मेली ती कोणाची होती? तीही याच जमातीची मुलगी होती. जमातीच्या इज्जतीत तिचा हिस्सा नाही का?

शिवाय किनी, पनवेल ही नावे आठवा. त्यात मुसलमान कोण होते? बायकोला मारणे आणि मग सगळ्यांनी मिळून झाकणे यावर कोणत्याही एका धर्माचा मक्ता नाही. आपल्या यावल तालुक्यात लेवा आहेत, कोळी आहेत, तडवी आहेत, आपण आहोत, आणि "घरातले घरात" हे वाक्य प्रत्येक वस्तीत आपापल्या बोलीत बोलले जाते. बदनामीवर खरा उपाय एकच आहे. गुन्हा झाला तेव्हा तक्रार द्यायला सर्वांत आधी त्याच मोहल्ल्यातली माणसे गेली, असे रेकॉर्डवर दिसले पाहिजे. आणि खुनात तडजोड होत नाही. ती दोन घरांमधली बाब नसून सरकारने चालवायचा खटला आहे. जमातीच्या बैठकीत झालेला समेट न्यायालयात खुनाचा गुन्हा मिटवू शकत नाही. होते फक्त इतकेच की साक्षीदार फितूर होतात आणि खटला आतून पोखरला जातो.

आता संशयाची दुसरी बाजू. पुण्यात जून १९८२ मध्ये मंजुश्री सारडा या नवविवाहितेचा मृत्यू झाला. नवऱ्याने विष दिल्याचा आरोप होता. कटाचा आरोप त्याच्या भावावर आणि आणखी एका नातेवाइकावरही होता. महाराष्ट्रभर संताप उसळला, बायका रस्त्यावर आल्या. सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली, मात्र दोन्ही नातेवाइकांना सोडले. जुलै १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्यालाही निर्दोष सोडले. न्यायमूर्ती सय्यद मुर्तझा फझल अली यांनी त्या निकालात परिस्थितीजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या घालून दिल्या. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे सूत्र त्यातून पक्के झाले. आज देशातला प्रत्येक वकील त्या कसोट्या सांगतो.

तो निकाल अनेकांना पटला नाही. महिला संघटनांना तर मुळीच नाही. तरी मी तो तरुण वाचकांसमोर मुद्दाम ठेवते. कारण केवळ संशयावरून माणसाला वर्षानुवर्षे तुरुंगात ठेवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायची गरज नाही. मालेगावच्या २००६ च्या बॉम्बस्फोटांत पकडलेली नऊ मुसलमान मुले २०१६ मध्ये निर्दोष ठरली, त्यातला एक तो दिवस पाहायच्या आधीच वारला होता. पुराव्याशिवाय कोणाला गुन्हेगार म्हणू नका, ही मागणी आपण स्वतःसाठी करतो. मग ती मारणाऱ्याच्या भावासाठी, चुलत्यासाठी, त्या डॉक्टरसाठीही करावी लागेल. सगळ्या सासरला एकाच दोरीत बांधणे हा इन्साफ नव्हे. ज्याने केले त्याचे नाव, काय केले ते, आणि ते कोणी पाहिले, इतके हवे.

म्हणून मी म्हणते की कुजबूज दोन्हीकडून नुकसान करते. मदत करणारा खरा असेल तर कुजबुजीने त्याला काहीच होत नाही, तो पुढच्या शुक्रवारी पहिल्या सफेत उभा असतो. आणि मदत केलेली नसेल, तर कुजबूज त्याला जन्मभर सोडत नाही, न्यायालयाने सोडले तरी. तीच गोष्ट जबाबात लिहून दिली, तर तिची उलटतपासणी होते. खरी असेल ती टिकते, खोटी असेल ती पडते. खटला चालू असताना पुराव्यातून दुसऱ्या कोणाचा हात दिसला, तर न्यायालय त्यालाही आरोपी म्हणून बोलावू शकते. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३५८ त्यासाठीच आहे. पण न्यायालय टपरीवरचे बोलणे ऐकत नाही. ते साक्षीच्या कागदावर असलेलेच पाहते.

एका माणसाच्या न पटण्याने काय होते याचे एक उदाहरण देते. २ जुलै १९९५ च्या रात्री दिल्लीत एका हॉटेलच्या आवारातून धूर आणि ज्वाळा उठल्या. रस्त्यावर भाजी विकणाऱ्या एका बाईने आरडाओरडा केला. गस्तीवरचा शिपाई अब्दुल नझीर कुंजू आणि त्याच्या सोबतचा होमगार्ड तिकडे धावले. आतल्या लोकांनी सांगितले की पक्षाचे जुने फलक जाळतोय. कुंजूला ते पटले नाही. तो भिंत चढून आत गेला आणि त्याला तंदूरमध्ये जळणारे बाईचे शरीर दिसले. ती नैना सहानी होती. तिला मारणारा नवरा सुशील शर्मा युवक काँग्रेसचा दिल्लीतला पुढारी होता. पहिल्या शवविच्छेदनात गोळीचा पत्ता लागला नाही. दुसऱ्यांदा शवविच्छेदन झाले तेव्हा गोळ्या सापडल्या. शर्माला शिक्षा झाली, आणि प्रेत जाळायला मदत करणाऱ्या हॉटेलच्या व्यवस्थापकालाही. सत्तेच्या जवळच्या माणसाने जे झाकायची तयारी केली होती, ते एक भाजीवाली आणि एक साधा शिपाई यांच्यामुळे उघडे पडले. त्यांनी वेगळे काय केले? तिने पाहिले ते मोठ्याने सांगितले, आणि त्याला सांगितलेले कारण पटले नाही तेव्हा तो परत फिरला नाही.

आपल्याला इतकेच करायचे आहे. कसे, ते नीट लिहून ठेवते.

एखाद्या घरात तरुण विवाहित बाई अचानक गेली आणि मनात शंका आली, तर मय्यत घरातून निघण्याआधी ११२ वर फोन करा. लग्नाला सात वर्षे झाली नसतील आणि मृत्यू संशयास्पद असेल, तर शवविच्छेदन सक्तीचे आहे. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ तसे सांगते. सात वर्षांच्या आतल्या मृत्यूत एखाद्या नातेवाइकाने मागणी केली तरी पुरते. मग ती बहीण असो, मामा असो. सात वर्षे उलटली असली आणि मृत्यूच्या कारणाबद्दल शंका असेल, तरी मृतदेह तपासणीला पाठवता येतो. संशयास्पद मृत्यूचे शवविच्छेदन सहसा रात्री करत नाहीत, सकाळपर्यंत थांबावे लागते. ती रात्र कठीण असते, घरचे दबाव आणतात. थांबा. दफन काही तासांनी होईल, पण पुरावा एकदा गेला की गेला.

गुस्ल शवविच्छेदनानंतर होऊ द्या. आणि गुस्ल देणाऱ्या खालांना कोणीतरी आपणहून सांगा की त्यांनी पाहिलेले पोलिसांना सांगणे म्हणजे ऐब उघडा करणे नव्हे. मय्यतीचे फोटो काढून ग्रुपवर मात्र कोणी टाकू नका. तो पुरावा होत नाही, फक्त तिची विटंबना होते.

तुम्हाला पंच म्हणून बोलावले, तर स्वतः पाहा, वाचा, मगच सही करा. मृतदेह बाईचा असेल तर बाईला पंच करा म्हणून सांगा. न पाहता केलेली सही ही सुद्धा मदत आहे, फक्त चुकीच्या माणसाला.

दफन होऊन गेले असेल तरी सगळे संपलेले नसते. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाने कबर उघडून तपासणी होऊ शकते. कलम १९६ मध्ये तशी तरतूद आहे. पोलीस तक्रार घेत नसतील तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी द्या, तिथेही झाले नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जा. बाईला, मग ती मेलेल्या मुलीची आई असो की बहीण, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, तिच्या उत्पन्नाची अट नाही.

साक्ष द्यायची भीती वाटत असेल, तर ती भीती बोलून दाखवा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली. तिच्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते आणि तिच्याकडे संरक्षण मागता येते. या योजनेबद्दल मोहल्ल्यात किती जणांना ठाऊक आहे, हे तुम्ही स्वतःच विचारून पाहा. तिची माहिती उर्दूत आणि मराठीत प्रत्येक मशिदीच्या फलकावर, प्रत्येक शाळेच्या पालकसभेत लागावी, ही आपल्या चळवळीची मागणी असायला हवी. आणि जमातीच्या अध्यक्षांकडे, कब्रस्तान कमिटीकडे आपली एक साधी मागणी असावी : तरुण विवाहितेच्या अचानक मृत्यूत माहेरचे लोक पोचल्याशिवाय आणि त्यांनी विचारपूस केल्याशिवाय कबर खोदायला सुरुवात होणार नाही. याला कायदा बदलावा लागत नाही, पैसा लागत नाही. कमिटीच्या वहीत एक ठराव लिहावा लागतो.

सत्र न्यायालयात खुनी ठरलेल्या माणसाकडे बोट दाखवणे सोपे आहे. त्याच्या मागे कोण कोण होते हा प्रश्नही योग्य आहे, तो विचारत राहिला पाहिजे. पण त्या यादीत शेवटी कोणाकोणाची नावे येतील, हे त्या सकाळी ठरते, जेव्हा अंगणात माणसे जमलेली असतात, कफनाचे कापड आलेले असते, आणि कोणीतरी हळूच म्हणते, "चला, उशीर नको." तेव्हा एकाने तरी मोठ्याने विचारायला हवे की ती मेली कशाने.